उष्णता-पुनर्प्राप्ती वायुवीजन

घरातली शिळी, दमट हवा बाहेर टाकताना तिची ऊब काढून घेऊन आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारी यंत्रणा. थंड देशांतल्या हवाबंद घरांत ती रात्रंदिवस चालू ठेवतात. कॅनडातल्या रेजायना इथे १९७७ साली बांधलेल्या सस्कॅचेवान कन्झर्व्हेशन हाउसमध्ये ती होती. जर्मनीत डार्मश्टाटच्या क्रानिकश्टाइन भागात एका ओळीत बांधलेल्या चार घरांत १९९१ साली कुटुंबं राहायला आली, आणि भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट यांच्या या प्रयोगातून 'पासिव्हहाउस', म्हणजे अगदी कमी ऊर्जेत उबदार राहणाऱ्या घराचं, मानक पुढे आलं. ५० पास्कल दाबाखाली अशा घराच्या फटींतून तासाला घराच्या आकारमानाच्या ०.६ पटीहून जास्त हवा गळता कामा नये. जुन्या घरात फटीच वायुवीजन करत. इथे ते काम यंत्राकडे.

पेटीत दोन पंखे आणि पातळ पत्र्यांचा थर असतो. दोन्ही प्रवाह पत्र्यांच्या दोन बाजूंनी जातात, एकमेकांत मिसळत नाहीत. ताजी हवा झोपायच्या खोल्यांत व दिवाणखान्यात सोडतात, शिळी हवा स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडासातून ओढतात. मधला रस्ता म्हणजे दाराखालची बोटभर फट. तिथे पायपुसणं सरकलं की त्या खोलीतला प्रवाह मंदावतो.

बाहेर ०, आत २० अंश सेल्सिअस असताना ८० टक्के कार्यक्षमतेचं यंत्र हवा १६ अंशांवर आणून सोडतं. त्याला हीटर समजू नये. ताजी हवा माणशी ताशी ३० घनमीटर धरली तर चौघांना १२० लागतात. एवढी हवा खिडकीतून बदलली तर सुमारे ८०० वॅट ऊब वाया जाते. यंत्र त्यातली साडेसहाशेच्या आसपास परत मिळवतं आणि पंख्यांना पन्नासेक वॅट खातं. त्यामुळे हिवाळ्यात 'रात्री बंद ठेवून वीज वाचवू' हा हिशेब उलटाच पडतो. शिवाय बंद खोलीत दोघं झोपली तर सकाळपर्यंत कार्बन डायऑक्साइड बराच चढतो आणि श्वासातली वाफ गार कोपऱ्यांवर बसून बुरशीला निमंत्रण देते.

तरी लोक ते बंद करतात. कारण बहुधा बिल नसतं, आवाज असतो, आणि तो दोष आखणीचा: नळ्या अरुंद, आवाजशोषक गाळलेला. दुसरं दुखणं फिल्टरचं. तो काळाकुट्ट झाला की प्रवाह घटतो. दर तीन महिन्यांनी पाहावा, सहा महिने ते वर्षभरात बदलावा. गार होणाऱ्या हवेतून पत्र्यांवर पाणी सुटतं, त्याची निचरानळी तुंबू देऊ नये. कडाक्याच्या थंडीत तेच पाणी गोठतं, म्हणून आत येणारी हवा आधी किंचित तापवतात.

खिडक्या उघडायला बंदी आहे, हा गैरसमज. उन्हाळ्याच्या रात्री त्या खुशाल उघडाव्यात. यंत्रही तेव्हा हवा पत्र्यांना वळसा घालून आत आणतं. फोडणीचा प्रश्न मात्र खरा आहे, हे जर्मनीतल्या मराठी घरांना सांगायला नको. तेलकट वाफ पत्र्यांपर्यंत जाऊ नये म्हणून चुलीवर कोळशाच्या फिल्टरचा वेगळा हूड लावतात. तो तेल धरतो, पण हिंगाचा वास पुरता धरत नाही.

यंत्र मुद्दाम बंद करायची वेळ एकच: जवळपास मोठी आग लागली किंवा रसायन गळलं तर. धूर ओसरला की पुन्हा चालू करून फिल्टर तपासायचा.