वहीत नोंद नसलेली गोगलगाय

दर जानेवारीच्या सुरुवातीला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात शिरगणती होते. पेंग्विन एका जागी उभे राहत नाहीत, माकडं फांद्या बदलतात, आणि कीपर मंडळी कडाक्याच्या थंडीत हातातल्या कागदावर खुणा करत त्यांच्या मागे फिरतात. मुंग्यांपुढे मात्र सगळे हात टेकतात. त्यांची अख्खी वसाहत ‘एक’ म्हणून लिहिली जाते. एकूण आकडा दहा हजारांच्या पुढे जातो. वर्तमानपत्रांना त्या दिवशी हमखास एक गोड फोटो मिळतो आणि पुढे वर्षभर त्या कागदांची कुणाला आठवण राहत नाही.

मला मात्र या जुन्या संस्थेची खरी कमाई त्या कागदांतच दिसते. पिंजरे तर राजेरजवाड्यांकडेही होते.

१८२६ मध्ये सिंगापूर वसवणारे ब्रिटिश प्रशासक स्टॅमफर्ड रॅफल्स आणि रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांच्या पुढाकाराने लंडनची प्राणिशास्त्र संस्था स्थापन झाली. रॅफल्स त्याच वर्षी वारले. दोन वर्षांनी रीजंट्स पार्कात बाग उघडली, पण फक्त सभासद आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी. पैसे देऊन कुणालाही आत जाता येऊ लागलं ते १८४७ पासून. आपली राणीची बाग १८६२ ची आणि जुनागढची सक्करबाग १८६३ ची, म्हणजे ही त्यांची थोरली बहीणच. चार्ल्स डार्विन इथे १८३८ मध्ये जेनी नावाच्या ओरांगउटानला भेटून गेला आणि माणूस व वानर यांच्या नात्याविषयी वहीत टिपणं करत बसला. १८५० मध्ये नाईलवरून ओबेश नावाचा पाणघोडा आला, तशी गर्दी उसळली. १८३७ च्या सुमारास बांधलेल्या जिराफघरात आजही जिराफच राहतात. जिराफाची उंची बदललेली नाही, त्यामुळे दरवाजाही बदलावा लागला नाही!

वही तेव्हाही होती. पहिल्या दिवसापासून तिथे ‘रोजच्या घडामोडीं’ची नोंद ठेवली जात असे: कोण आलं, कोण गेलं, कोण मेलं. पण ती वाण्याच्या दुकानातल्या मालाच्या नोंदीसारखी होती. एक संपला की दुसरा मागवायचा. माल जिथून येतो तिथे तो शिल्लक आहे का, हा रकानाच नव्हता.

त्या रिकाम्या रकान्याची किंमत क्वागाने मोजली. दक्षिण आफ्रिकेतला हा प्राणी डोकं आणि मानेवर झेब्य्रासारखा पट्टेरी, तर मागे साधा तपकिरी, जणू चित्रकार पट्टे काढता काढता जेवायला उठला आणि परतलाच नाही. कातड्यासाठी आणि मेंढ्यांची कुरणं मोकळी करण्यासाठी त्याची बेसुमार शिकार झाली. लंडनच्या बागेत एक मादी होती. तिथे एक नरही काही वर्षं होता, पण तो मेला आणि वंश पुढे गेला नाही. जिवंत क्वागाचे जे मोजके फोटो जगात आहेत ते सगळे या एकाच मादीचे. ती १८७२ मध्ये मेली. शेवटची क्वागा ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात १२ ऑगस्ट १८८३ रोजी मेली, आणि ही शेवटची आहे हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. फोटो होते, माप होतं, आवाजाचं वर्णन होतं, पण हिशेब नव्हता. पुढे १९८४ मध्ये क्वागाच्या जुन्या कातड्यातून डीएनएचे तुकडे वाचण्यात आले. नामशेष प्राण्याचा डीएनए वाचण्याची ती पहिलीच वेळ. विज्ञानासाठी मोठी गोष्ट, पण ती मेलेल्याच्या कुंडलीसारखी.

रकाना भरायला विसावं शतक अर्धं उलटावं लागलं. १९६२ मध्ये अरबी ओरिक्स हे पांढरंशुभ्र, लांब सरळ शिंगांचं हरिण वाळवंटातल्या बंदूकधारी जीपगाड्यांपुढे संपत आलं होतं. ब्रिटिश निसर्गप्रेमींनी आजच्या येमेनमधल्या एडनच्या बाजूला मोहीम नेली आणि तीन जिवंत प्राणी आणले. लंडनने आपली एक मादी दिली, एक कुवेतहून आली, चार सौदीच्या राजाकडून. अमेरिकेत ॲरिझोनातल्या फीनिक्स इथे, वाळवंटाशी मिळत्याजुळत्या हवेत, या नऊ जणांचा कळप वाढवला गेला. दहा वर्षांत जंगलातला शेवटचा ओरिक्स मारला गेला आणि १९८२ मध्ये याच कळपाची पिल्लावळ ओमानच्या वाळूत परत सोडली गेली. पुढे ओमानमध्ये पुन्हा चोरटी शिकार झाली, अभयारण्याचं जागतिक वारशाचं बिरुदही गेलं. तरीही आज ओरिक्स जंगलात आहे.

नऊ जणांपासून कळप वाढवायचा तर कोण कुणाचा कोण, हे काटेकोर माहीत हवं. नाहीतर दोनतीन पिढ्यांत भावाबहिणींची लग्नं लागू लागतात, लपलेले दोष वर येतात, पिल्लं अशक्त निपजतात. म्हणून धोक्यातल्या अनेक जातींची जगभरची एकेक वंशावळ ठेवतात, तिला स्टडबुक म्हणतात. त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वह्यांत आपले पणजोबा सापडतात ना, अगदी तसंच. फरक इतका की इथे वही बघून पुढची सोयरीक ठरते. नियमही मजेशीर आहे. देखणा किंवा धिप्पाड नर आधी, असं नाही; कळपात ज्याचे नातेवाईक सगळ्यात कमी, त्याचं लग्न आधी. त्याच्याकडची जनुकं दुसऱ्या कुणाकडे नसण्याची शक्यता जास्त. एखाद्या नराला पुरेशी पिल्लं झाली की त्याला थांबवतात, मग तो प्रेक्षकांचा कितीही लाडका असो.

वहीत एक चूक झाली की काय होतं, ते गीरच्या सिंहांनी दाखवलं. (१८३३ मध्ये कॅप्टन वॉल्टर स्मी नावाच्या अधिकाऱ्याने गुजरातच्या ‘बिनआयाळ’ सिंहाची कातडी याच लंडनच्या संस्थेपुढे मांडली होती, आयाळ असते, फक्त तोकडी.) अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांनी आशियाई सिंहांचा मोठा कळप वाढवला होता. १९८७ मध्ये रक्त तपासलं, तर मूळ पाच पूर्वजांपैकी दोन शुद्ध आशियाई नव्हतेच, त्यांच्यात आफ्रिकन रक्त होतं. वर्षानुवर्षांची मेहनत वाया गेली. युरोपने मग सक्करबागेतून खात्रीचे सिंह नेऊन नव्याने वंशावळ सुरू केली. २०१८ मध्ये गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह दगावले, त्यांतल्या अनेकांत कुत्र्यांचा डिस्टेंपर विषाणू सापडला. सगळी अंडी एका टोपलीत असताना दूरच्या बागेतल्या वहीचं मोल तेव्हा कळतं.

पण सिंहासाठी पैसे मिळतात. गोगलगायीसाठी कोण देणार?

लातूर, धाराशिव, बीडच्या शेतकऱ्यांना शंखी गोगलगाय वेगळी सांगायला नको. २०२२ मध्ये सोयाबीनची कोवळी रोपं तिने रातोरात फस्त केली होती. ही मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ मध्ये शंखशिंपल्यांचा अभ्यासक विल्यम बेन्सन याने मॉरिशसहून ती कोलकात्याला आणली, असं तिच्या भारतातल्या आगमनाचं कूळ सांगितलं जातं. हीच गोगलगाय पॅसिफिक महासागरातल्या ताहिती आणि मोरेआ बेटांवरही पोहोचली. तिथे तिच्या बंदोबस्तासाठी फ्लोरिडाकडची एक मांसाहारी गोगलगाय मुद्दाम सोडली गेली, ताहितीवर १९७४ मध्ये आणि मोरेआवर १९७७ मध्ये. तिला इंग्रजीत ‘लांडगी’च म्हणतात. लांडगीने मोठ्या शंखीला फारसा हात लावला नाही. तिने गाठली पार्टुला, म्हणजे पानाखाली चिकटून कुजकं पान आणि बुरशी खाणारी, नखाएवढी, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी झाडावरची गोगलगाय. पार्टुलाला एका वेळी एकच पिल्लू होतं. दहा वर्षांत मोरेआवरच्या सातही जाती जंगलातून संपल्या.

उत्क्रांतीच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञ अनेक दशकं पार्टुलाच्या मागावर होते, म्हणून काही शिल्लक प्रयोगशाळेत पोहोचल्या आणि तिथून लंडन, ब्रिस्टल, एडिंबरा वगैरे ठिकाणी. एका छोट्या खोलीत, प्लास्टिकच्या डब्यांत एकेका जातीचं अख्खं जग. बाहेर गोरिलासमोर रांग आणि आत ही खोली.

तिथेही सगळं सुरळीत झालं नाही. पार्टुला टर्जिडा या जातीच्या लंडनमध्ये जवळपास तीनशे गोगलगायी होत्या. एका सूक्ष्म परजीवीने दोन वर्षांच्या आत त्या संपवल्या. शेवटची जानेवारी १९९६ मध्ये मेली, आणि या वेळी मात्र ती शेवटची आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. क्वागापासून एवढी तरी मजल मारली होती, असं म्हणून मी थांबतो, कारण त्यात समाधान मानायचं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

२०१५ पासून पार्टुला घरी परतू लागल्या. दमट डब्यांत बसून विमानाने पंधरा हजार किलोमीटर. २०२३ च्या एकाच खेपेत पाच हजारांहून जास्त. सोडण्यापूर्वी प्रत्येकीच्या शंखावर रंगाचा बारीक ठिपका लावतात. ठिपका म्हणजे वहीतली नोंद: ही आपली, डब्यात जन्मलेली.

२०२४ मध्ये मोरेआच्या रानात पाहणी करणाऱ्यांना पार्टुला तोहिवेआना जातीची एक पूर्ण वाढलेली गोगलगाय सापडली. तिच्या शंखावर ठिपका नव्हता. ती तिथेच जन्मली होती आणि तिथेच मोठी झाली होती. ‘जंगलातून नामशेष’ या यादीतून त्या जातीचं नाव काढून ते ‘अतिसंकटग्रस्त’ या यादीत लिहिण्यात आलं.