संधिवाताच्या निदानानंतरचे मानसिक समायोजन (बेळगाव सीमाभाग)

रुमॅटॉइड आर्थ्रायटिस या संधिवातात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. आजार कायमचा आहे हे कळल्यावर रुग्ण त्याच्याशी मनाने कसे जुळवून घेतो, याची ही नोंद. पुरुषांपेक्षा बायकांत तो 2 ते 3 पट अधिक दिसतो आणि बहुधा तिशी ते साठीच्या दरम्यान, म्हणजे सगळे घर अंगावर असताना, सुरू होतो.

खानापूरकडची भाताची रोप लावणी असो, निपाणीतले विडी वळणे असो की घरची भाकरी, सगळे बोटांवर चालते. सकाळी तासभर बोटे आखडलेली असतात, मूठ वळत नाही, भाकरी थापताना तळवा सपाट पडत नाही. दुपारी बोटे जरा सैल झाली की तीच बाई कामाला लागते आणि मग सकाळचे दुखणे घरच्यांना सोंग वाटते. हा संशय पुष्कळदा सांध्यांपेक्षा जास्त दुखतो.

चिकुनगुन्यानंतर सांधे धरतात हे सर्वांना ठाऊक असल्याने 'होईल कमी' म्हणत महिने जातात. बेळगावला किंवा मिरजेला तपासण्या होऊन आजाराला नाव मिळाले की काहींना चक्क हायसे वाटते. मागोमाग वाकड्या बोटांची भीती येते. डॉक्टर कन्नड बोलणारे असतील तर दुभाषा होतो मुलगा, आणि आईला सांगताना 'कायमचा' हा शब्द तो कधी कधी मायेने गाळतो. मग बरे वाटताच गोळ्या सुटतात.

दुःख नकार, राग, स्वीकार अशा पायऱ्यांनी पचते ही नेहमीची मांडणी इथे फारशी जुळत नाही. आजार उसळतो तसे पचवलेले दुःखही नव्याने वर येते.

नाजूक काळ उपचारांच्या सुरुवातीचा. मेथोट्रेक्सेट हे या आजारावरचे नेहमीचे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे (रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते) आणि गुण यायला साधारण 6 ते 12 आठवडे लागतात. तेवढा धीर सुटला की पुडीवाल्याकडे पावले वळतात. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे; दोन दिवसांत आराम पडतो तो त्यामुळे.

या रुग्णांत नैराश्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते. दोन आठवडे मन उदास राहिले, झोप उडाली, कशातच गोडी वाटेना, तर तेही डॉक्टरांना सांगावे. 14416 या टेली मानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर समुपदेशन मोफत मिळते. पुढच्या तपासणीला नवऱ्याला किंवा सासूबाईंना सोबत नेऊन सकाळच्या आखडण्याचे कारण डॉक्टरांच्या तोंडून ऐकवणेही उपयोगी पडते.