हलक्या रिव्हॉल्व्हरचा जड झटका

अमेरिकेत स्वसंरक्षणासाठी कपड्याआड रिव्हॉल्व्हर बाळगणारा माणूस ते दिवसभर अंगावर वागवतो आणि झाडण्याची वेळ त्याच्यावर बहुधा येतच नाही. त्यामुळे दुकानात तो हलक्यात हलके रिव्हॉल्व्हर मागतो, यात नवल नाही. स्मिथ अँड वेसन या कंपनीचे पाच काडतुसांचे पोलादी ‘मॉडेल 36’ रिकामे असताना सुमारे 550 ग्रॅम भरते, तर स्कँडिअममिश्रित अॅल्युमिनिअमचा सांगाडा आणि टायटॅनिअमचे सिलिंडर (काडतुसे बसवायचा फिरता भाग) असलेले ‘340 पीडी’ जेमतेम 340 ग्रॅम.

गोळी जितका संवेग घेऊन पुढे जाते, तितकाच रिव्हॉल्व्हरला मागच्या दिशेने मिळतो. 10 ग्रॅमची गोळी सेकंदाला 230 मीटर वेगाने सुटली, तर मागोमाग उसळणारा वायू हिशेबात न धरताही पोलादी रिव्हॉल्व्हर सेकंदाला सुमारे 4.2 मीटर वेगाने मागे येते आणि हलके 6.8 मीटर वेगाने; तळहाताला सोसावी लागणारी ऊर्जा पावणेपाच ज्यूलवरून पावणेआठ ज्यूलवर जाते. ‘340 पीडी’मध्ये .357 मॅग्नम हे याहून बरेच जोरदार काडतूसही चालते, पण ते त्यातून झाडून सराव करण्याची हौस फार काळ टिकत नाही.

झटक्याचा आणखी एक परिणाम सिलिंडरमध्ये घडतो. रिव्हॉल्व्हर मागे उसळते तेव्हा न झाडलेल्या काडतुसांची पितळी कवचे त्याच्यासोबत खेचली जातात, पण त्यांतील गोळ्या जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहतात. कवचाची पकड सैल असेल, तर गोळी पुढे सरकून सिलिंडरबाहेर डोकावते आणि सिलिंडर फिरायचे थांबते. म्हणून खरेदीपूर्वी आपली काडतुसे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये तपासावीत: चार झाडून पाचव्याची लांबी मोजावी.

हलकेपणाचा हव्यास जुनाच आहे. अमेरिकी हवाई दलाने 1950 च्या दशकाच्या आरंभी वैमानिकांसाठी घेतलेल्या रिव्हॉल्व्हरांत सिलिंडरही अॅल्युमिनिअमचे होते. ते स्फोटाच्या दाबाला पुरे पडेना आणि बहुतेक नग अखेर नष्ट करण्यात आले. टायटॅनिअम आल्यावर ही अडचण सुटली, झटक्याची मात्र सुटली नाही.

म्हणूनच मला पोलादी सिलिंडर आणि अॅल्युमिनिअमचा सांगाडा असलेले, सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपासचे त्याच कंपनीचे ‘642’ अधिक शहाणपणाचे वाटते. त्याचाही चाप ओढायला सुमारे पाच किलो वजन उचलण्याइतका जोर लागतो. म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या वजनाच्या जवळजवळ बारापट बळ एका बोटाने लावताना नळी स्थिर ठेवायची असते, आणि त्यासाठी थोडे जास्त वजन उपयोगीच पडते.