दोन तपासण्यांचे मूळ एकाच वारेत

गर्भाची जनुकीय तपासणी आणि प्री-एक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब चढवून मूत्रपिंडालाही इजा करणारा रक्तवाहिन्यांचा विकार, यांचा अभ्यास बराच काळ वेगवेगळ्या दालनांत होत राहिला. दोन्हींचा माग काढला, तर तो वारेपाशी, म्हणजे गर्भाला गर्भाशयाशी जोडून पोसणाऱ्या अवयवापाशी, येऊन थांबतो.

1893 मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ गेऑर्ग श्मोर्ल यांनी एक्लॅम्पसियाचे, म्हणजे प्री-एक्लॅम्पसिया विकोपाला गेल्यावर येणारे, झटके येऊन दगावलेल्या 17 स्त्रियांच्या शवविच्छेदनाची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्या फुप्फुसांत वारेच्या पेशी अडकलेल्या होत्या. वारेतले काहीतरी आईच्या रक्तात उतरते हे त्यातून दिसले. पण माणसात 46 गुणसूत्रे असतात हे कळायलाच 1956 साल उजाडले, त्यामुळे त्या पेशींतून बाळाविषयी काही वाचता येईल असे कुणाला वाटणे शक्य नव्हते. 1966 पासून गर्भजलातील पेशी वाढवून गुणसूत्रे तपासता येऊ लागली, मात्र त्यासाठी पोटातून सुई घालावी लागे आणि गर्भपाताचा थोडा धोकाही असे.

त्याच सुमारास संशोधक ब्रोसेन्स आणि त्यांचे सहकारी गर्भाशयाच्या धमन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. वार रुजताना तिच्या पेशी नागमोडी, अरुंद धमन्यांच्या भिंतीत शिरतात, तिथला स्नायूंचा थर नाहीसा होतो आणि धमनी रुंद, सैल होऊन भरपूर रक्त येऊ देते. प्री-एक्लॅम्पसियात हे काम अर्धवट राहते, असे त्यांना आढळले. रक्तदाब नंतर चढतो. बिघाड कितीतरी आठवडे आधी झालेला असतो.

1997 मध्ये डेनिस लो आणि ऑक्सफर्डमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी आईच्या रक्तातील प्लाझ्मा (पेशी वगळून उरणारा द्रव) नुसता उकळून त्यात बाळाचे डीएनए शोधले. मुलगा पोटात असलेल्या 30 पैकी 24 स्त्रियांच्या प्लाझ्मात वाय गुणसूत्राचे तुकडे सापडले. (पहिला पुरावाच लिंगाशी निगडित असावा, ही आपल्याकडे अवघड बाब, महाराष्ट्राने 1988 मध्ये आणि केंद्राने 1994 मध्ये कायदा करून गर्भलिंगनिदानाला आळा घातला होता.) हे ‘बाळाचे’ डीएनए प्रत्यक्षात बहुतांश वारेच्या पेशींतून येते. म्हणूनच 1999 मध्ये लो यांच्या गटाला प्री-एक्लॅम्पसियाच्या रुग्णांत त्याचे प्रमाण सुमारे पाचपट आढळले, ते आज तितकेसे आश्चर्याचे वाटत नाही. मात्र याच डीएनएवर आधारलेली, 2011 पासून बाजारात आलेली रक्तचाचणी मुख्यतः डाऊन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रदोषांसाठी वापरली गेली, आणि तिचा संशयास्पद निकाल गर्भजल तपासून पक्का करावा लागतो, तो याच वारेमुळे: वार आणि बाळ यांची गुणसूत्रे क्वचित वेगळी निघतात.

रक्तवाहिन्यांच्या बाजूचा दुवा 2003 मध्ये बोस्टनमध्ये अनंत करुमांची यांच्या गटाने जोडला. वारेतून एसएफएलटी-1 हे प्रथिन जास्त सुटले, की ते रक्तवाहिन्यांच्या अस्तराला लागणारे वाढघटक मध्येच पकडून ठेवते. गाभण उंदरांना ते दिल्यावर रक्तदाब चढला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली. या प्रथिनाचे जनुक तेराव्या गुणसूत्रावर आहे. बाळात हे गुणसूत्र तीन प्रतींत असेल तर आईला प्री-एक्लॅम्पसिया होण्याचे प्रमाण जास्त असते, हे डॉक्टरांनी त्याआधीच नोंदवून ठेवले होते. 2017 मध्ये जनुकसंचांच्या मोठ्या तुलनेत या विकाराशी निगडित बदल त्याच जनुकाजवळ सापडला, आणि तोही आईच्या नव्हे, बाळाच्या जनुकसंचात.