एसयू आणि सुडू : पासवर्ड नेमका कोणाचा?

लिनक्स सर्व्हरवर प्रशासकीय काम करताना ‘एसयू’ आणि ‘सुडू’ या दोन कमांड सर्रास एकमेकींच्या जागी वापरल्या जातात, कारण दोन्हींमुळे रूटचे, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या मुख्य खात्याचे, अधिकार हाती येतात. मात्र एसयू रूटचा पासवर्ड मागते, तर सुडू सहसा वापरकर्त्याचा स्वतःचाच पासवर्ड विचारते.

हा फरक किरकोळ वाटला तरी माझ्या मते सारे महत्त्व त्यालाच आहे. पाच जण मिळून एक सर्व्हर सांभाळत असतील आणि सगळा कारभार एसयूवर चालत असेल, तर रूटचा पासवर्ड पाचही जणांना ठाऊक असावा लागतो. त्यांतील एकाने नोकरी सोडली की तो बदलून उरलेल्या चौघांना नव्याने कळवावा लागतो. शिवाय रूट कोण झाले याची नोंद लॉगमध्ये सापडते, पण पुढे त्याने काय केले हे तिच्यावरून समजत नाही. सुडूने दिलेली प्रत्येक कमांड मात्र देणाऱ्याच्या नावासह नोंदवली जाते, आणि सुडूअर्स फाइलमध्ये नियम लिहून एखाद्याला केवळ वेब सर्व्हर रीस्टार्ट करण्यापुरताच अधिकार देता येतो.

एसयू युनिक्सच्या अगदी सुरुवातीपासूनची, म्हणजे 1971 च्या सुमाराची. सुडू 1980 च्या आसपास अमेरिकेतील बफेलो येथील विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी लिहिली.

‘सुडू एसयू’ असे जोडून लिहिण्याची सवय अनेकांना असते आणि ती मला खटकते, कारण त्यानंतर रूटच्या शेलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीत, दिलेल्या कमांड सुडूच्या नेहमीच्या लॉगमध्ये येत नाहीत. तसेच एखाद्याला सुडूमार्फत फक्त ‘व्हिम’ हा एडिटर वापरू दिला, तर त्यातूनच शेल उघडून तो पूर्ण रूट होऊ शकतो. म्हणून फाइल संपादित करू देण्यासाठी ‘सुडूएडिट’ ही वेगळी कमांड आहे.

सुडूअर्स फाइल नेहमी ‘व्हिसुडू’ या कमांडनेच उघडावी, कारण ही कमांड फाइल जतन करण्यापूर्वी तिच्यातील नियमांचे व्याकरण तपासते. उबुंटूमध्ये रूटचा पासवर्ड मुळातच बंद ठेवलेला असल्याने, ही फाइल बिघडून सुडू चालेनाशी झाली तर एसयूचाही आधार उरत नाही. म्हणून तिला हात लावण्याआधी दुसऱ्या टर्मिनलमध्ये रूटचे एक सत्र उघडे ठेवावे.