बाहेरून दहावी: सतरा नंबरचा फॉर्म की एनआयओएस?

‘बाहेरून दहावी दे’ हा सल्ला सगळेच देतात, पण त्यात दोन वेगळे रस्ते आहेत हे फार थोडे जण सांगतात. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता, खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसण्यासाठी महाराष्ट्र राज्य मंडळाकडे करायचा नोंदणी अर्ज. तो भरणारा मुलगा परीक्षा देतो ती राज्य मंडळाचीच: तीच पुस्तके, तेच वेळापत्रक, फेब्रुवारी-मार्चमधली तीच प्रश्नपत्रिका. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, ही केंद्र सरकारची स्वायत्त संस्था. १९८९ साली ती राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून सुरू झाली. तिची पुस्तके, तिची परीक्षा आणि तिची गुणपत्रिकाही स्वतंत्र असते.

सतरा नंबरचा रस्ता मुळात शाळा सुटलेल्यांसाठी आहे. म्हणून पहिला कागद लागतो तो शाळा सोडल्याचा मूळ दाखला. तो हरवला असेल तर शाळेकडून द्वितीय प्रत घ्यायची आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचे. अर्ज ऑनलाइन भरताना माध्यम आणि पत्त्यानुसार संपर्क केंद्र निवडावे लागते. हे केंद्र म्हणजे जवळची एखादी शाळा. कागद तिथेच नेऊन द्यायचे आणि तोंडी परीक्षा व अंतर्गत मूल्यमापनही तिथेच होते.

सर्वात जास्त घोळ होतो तो यानंतर. हा फॉर्म म्हणजे फक्त नावनोंदणी. परीक्षेचा अर्ज वेगळा, त्याचे शुल्क वेगळे, आणि तो नंतर त्याच शाळेमार्फत भरायचा असतो. नावनोंदणी झाली म्हणून पालक निर्धास्त होतात, इकडे परीक्षा अर्जाची मुदत टळते आणि मुलाचे अख्खे वर्ष जाते. नोंदणी प्रमाणपत्र हातात आले की त्याच दिवशी संपर्क केंद्रात परीक्षा अर्जाची तारीख विचारून ठेवा.

एनआयओएसच्या माध्यमिक प्रवेशाला वय किमान १४ वर्षे लागते. आठवीचे प्रमाणपत्र नसले तरी, हा अभ्यास झेपेल एवढे शिकलो आहे, असे स्वयंघोषणापत्र चालते. घरी शिकलेल्या, शाळेचे तोंडच न पाहिलेल्या मुलासाठी हा फरक निर्णायक आहे: दाखलाच नाही म्हटल्यावर सतरा नंबरची गाडी पहिल्याच कागदावर अडते. (शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १० नुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य आहे, पालकांना शिक्षेची तरतूद मात्र त्यात नाही.)

एनआयओएसमध्ये किमान पाच विषय घ्यायचे, त्यात एक भाषा हवीच. मराठी माध्यमही मिळते. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोनदा होतात. नोंदणी पाच वर्षे टिकते, त्यात नऊ संधी मिळतात आणि एकेक विषय सोडवत जाता येतो. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के लागतात, राज्य मंडळात ३५. प्रत्येक विषयाच्या लेखी स्वाध्यायाला, ज्याला टीएमए म्हणतात, २० टक्के भार असतो. तो वेळेत अपलोड केला नाही तर हातचे गुण जातात, आणि काठावरचा मुलगा नापास व्हायला तेवढेच पुरेसे ठरते.

विषय निवडीच्या या मोकळीकीत धोकाही आहे. गणित आणि विज्ञान वगळून दहावी सहज होते, पण पुढे पॉलिटेक्निक किंवा अकरावी विज्ञानाला त्यामुळेच अडचण येऊ शकते. मुलाने अजून काही ठरवले नसेल तर दोन्ही विषय ठेवावेत, असेच आम्ही सांगू.

शाळा नुकतीच सुटली आहे, दाखला हाताशी आहे आणि पुस्तके ओळखीची आहेत, तर सतरा नंबर सोपा. खेळ, आजारपण किंवा घरचे शिक्षण यामुळे वेग स्वतःचा हवा असेल तर एनआयओएस.

राज्याचे स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळ हे या दोन्हींपेक्षा निराळे. नावातल्या ‘मुक्त’मुळे त्याची आणि एनआयओएसची गल्लत करू नका. आणि ‘आमच्या ओपन बोर्डातून महिन्यात दहावी’ म्हणणाऱ्या एजंटाला रोख पैसे देऊ नका. दोन्ही अर्ज सरकारी संकेतस्थळावर पालकांना स्वतः भरता येतात.