बाह्य फ्लॅशची पार्श्वभूमी : गाइड नंबरचा गुंता आणि टीटीएलची फारकत

डिजिटल कॅमेऱ्यासाठी बाह्य फ्लॅश घेताना गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा), टीटीएल (लेन्समधून आलेला प्रकाश मोजून फ्लॅश आपोआप ठरवणं) आणि ट्रिगर व्होल्टेज (फ्लॅशच्या संपर्कावर असणारा विद्युतदाब) या तीन गोष्टींवर गाडी अडते. तिन्ही फिल्मच्या काळातल्या आहेत. तेव्हाची गृहीतकं बदलली, पण खोक्यावरचे शब्द तेच राहिले.

मॅग्नेशियमची पूड पेटवण्याचा काळ संपून १९३०च्या सुमारास काचेचे फ्लॅशबल्ब आले. अंतर गुणिले अॅपर्चर (लेन्सचा एफ-आकडा) हा गाइड नंबरचा हिशेब या बल्बांच्या काळातला. बल्ब पेटून विझायला बरेच मिलिसेकंद लागत, त्यामुळे शटर स्पीड बदलला की गाइड नंबरही बदले. म्हणून बल्बच्या पाकिटावर एक आकडा नसे, अख्खा तक्ता छापलेला असे. झेनॉन नळीच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशमध्ये सगळा प्रकाश सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपतो. शटर स्पीडशी संबंध तुटला, तक्ता गेला आणि एकच आकडा उरला.

पुढे फ्लॅशला झूम होणारं डोकं आलं. नळी फ्लॅशच्याच पुढच्या भिंगापासून मागे सरकते, झोत अरुंद होतो आणि तीच ऊर्जा लहान जागेत पडल्यामुळे गाइड नंबर वाढतो. म्हणजे पुन्हा तक्त्याची गरज निर्माण झाली होती. तो तक्ता माहितीपुस्तिकेत आला, पण खोक्यावर मात्र एकच आकडा राहिला. तो कोणत्या झूमचा छापायचा, हे ज्याने त्याने ठरवलं. २०००च्या दशकातले दोन आघाडीचे फ्लॅश घ्या. एकाचा जाहीर आकडा ५८, दुसऱ्याचा ३४, दोन्ही मीटरमध्ये आणि आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १००ला. प्रकाश आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून आकडे पाहून पहिला जवळजवळ तिप्पट प्रकाश देतो असं वाटतं. पण ५८ हा १०५ मिमी झूमचा आकडा होता आणि ३४ हा ३५ मिमीचा. पहिल्याचं डोकं ३५ मिमीवर आणलं की त्याच्याच तक्त्यात ३६ दिसतात. ३६ आणि ३४ यांतला फरक स्टॉपच्या (प्रकाश दुप्पट होण्याच्या पायरीच्या) सहाव्या भागाएवढा, फोटोत न दिसणारा. नंतर झूम २०० मिमीपर्यंत गेला आणि ६० हा आकडा सर्रास झाला. तो खोटा नाही, पण छतावरून प्रकाश उडवणाऱ्याला किंवा छत्री-सॉफ्टबॉक्स वापरणाऱ्याला त्याचा काडीचाही उपयोग नाही, कारण तिथे अरुंद झोत नकोच असतो. फुटातला आकडा हा आणखी एक घोळ : ५८ मीटर म्हणजे १९० फूट. आयएसओ २००ला दिलेला आकडा आयएसओ १००च्या १.४ पट दिसतो.

तुलना करायची तर ३५ मिमी, आयएसओ १००, मीटर हे तीनही समान करूनच करावी. फ्लॅश मीटर असेल तर खातरजमा सोपी आहे. पूर्ण पॉवर, झूम ३५ मिमी, फ्लॅश मीटर तीन मीटर अंतरावर. वाचन एफ/११ आलं तर गाइड नंबर ३३. एफ/८ आलं तर २४, म्हणजे ३४ छापलेल्या फ्लॅशच्या निम्माच प्रकाश. हे मोजमाप मधल्या आकाराच्या, उजळ भिंतींच्या खोलीत करावं. रात्री उघड्यावर भिंतींचा परतीचा प्रकाश नसतो, तिथे तोच फ्लॅश कमी भरतो. ताज्या सेलवर आणि रेडी लाइट लागल्यावर काही सेकंद थांबून मोजावं; दिवा लागतो तेव्हा कपॅसिटर अनेकदा पूर्ण भरलेला नसतो. पेन्सिल सेलऐवजी लिथियम पॅक घेतला तर दोन फ्लॅशमधला वेळ घटतो, गाइड नंबर वाढत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

टीटीएलची गोष्ट वेगळी. फिल्मवर, १९७०च्या दशकाच्या मध्यापासून, एक्स्पोजर चालू असतानाच फिल्मवरून परतणारा प्रकाश मोजला जाई आणि पुरेसा झाला की फ्लॅश तोडला जाई. डिजिटल सेन्सरवर चकचकीत काचेचे थर असतात, त्यांचं परावर्तन फिल्मसारखं नसतं. त्यामुळे शटर उघडण्याआधी हलका प्री-फ्लॅश मारून मोजण्याची पद्धत रुळली. ती १९९५ मध्ये फिल्म कॅमेऱ्यावरच आली होती. मात्र प्रत्येक कंपनीने आपली वेगळी भाषा ठरवली, आणि एकीने तर १९९९ची भाषा २००३ मध्ये पुन्हा बदलली. ग्राहकाला यातून काही मिळालं नाही, त्याचा जुना फ्लॅश तेवढा निकामी झाला. असा फ्लॅश नव्या बॉडीवर बसतो, पेटतोही, पण अनेक जोड्यांत पूर्ण पॉवरनेच. याउलट, स्वतःच्या पुढच्या डोळ्याने मोजणारे जुने ऑटो थायरिस्टर फ्लॅश आजही नीट चालतात : फ्लॅशवर आणि कॅमेऱ्यावर आयएसओ आणि अॅपर्चर सारखे ठेवले की झालं. प्री-फ्लॅशचा एक दुष्परिणाम म्हणजे साधे ऑप्टिकल स्लेव्ह (दुसऱ्या फ्लॅशची चमक पाहून पेटणारे फ्लॅश) त्यालाच भुलून आधी पेटतात. मुख्य फ्लॅश मॅन्युअलवर ठेवावा किंवा पहिली चमक सोडून देणारा स्लेव्ह मोड वापरावा.

जुना फ्लॅश लावण्याआधी त्याचं ट्रिगर व्होल्टेज मोजणं अनिवार्य आहे. फिल्म कॅमेऱ्यात धातूचे संपर्क एकमेकांना टेकत, त्यांना २०० ते ३०० व्होल्ट खपत. डिजिटल बॉडीत त्या जागी नाजूक इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. १९९२च्या आयएसओ मानकात कॅमेऱ्याने २४ व्होल्ट सोसावेत असं आहे. काही बॉडी २५० व्होल्ट सोसतात, तर एका कंपनीने सुरुवातीच्या डिजिटल बॉडींसाठी ६ व्होल्टचीच मर्यादा सांगितली होती. फ्लॅश पूर्ण चार्ज करून मल्टिमीटर डीसीवर ठेवावा, लाल टोक फ्लॅशच्या पायाच्या मधल्या पिनेला आणि काळं बाजूच्या धातूच्या पट्टीला लावावं. मीटर दहा मेगाओहम इनपुटचा हवा. कमी रोधाचा मीटर आकडा खाली ओढतो आणि धोकादायक फ्लॅश सुरक्षित भासतो.

हॉट शूचं, म्हणजे कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवायच्या खाचेचं, मापही सगळीकडे एक राहिलं नाही. एका कंपनीने १९८८ मध्ये स्वतःचा वेगळा शू आणला. त्या परंपरेतले कॅमेरे प्रमाणित मापाकडे वळायला २०१२ उजाडलं, म्हणून त्या दरम्यानच्या बॉडींना अॅडॅप्टर लागतो. अलीकडे काही स्वस्त बॉडींच्या शूमधला मधला गोल संपर्कच गायब झाला आहे. अशा बॉडीवर मॅन्युअल फ्लॅश आणि एकाच पिनेचे साधे रेडिओ ट्रिगर पेटत नाहीत, फक्त त्या कंपनीची डिजिटल भाषा बोलणारेच चालतात. फ्लॅशचे पैसे मोजण्याआधी शूवरचं झाकण सरकवून मधला संपर्क आहे का, तेवढं पाहून घ्यावं.